खडकवाडीची लानबाई

आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या वाशीकडच्या एका गावातून टीव्ही बंद पडल्याची तक्रार तिसऱ्यांदा आली, तेव्हा मी राजदूत मोटारसायकलला हत्यारांची पेटी बांधली आणि भर उन्हात तिथं गेलो. सेट उघडला. ट्यूब चांगली, वायरी चांगल्या, फक्त फ्यूज जागेवर नव्हता. आधीचे दोन्ही फ्यूज मीच घातलेले. ते जातात कुठं, हे काही उमगेना. सरपंचांच्या घरी पाणी प्यायला गेलो. ते खुंटीवरचा सदरा काढून अंगात घालायला लागले, तर खिशातून माझे दोन्ही फ्यूज टपटप खाली पडले.

सरपंच जराही लाजले नाहीत. म्हणाले, "मेकॅनिक, विरोधी पार्टीचे लोक येत्यात आन् पुढं बसत्यात. ते दिसले की म्या फ्यूज काढून घेतो."

"मग तक्रार कशाला केली?"

"म्या कुटं केली? तक्रार त्यांची हाय."

एकोणतीस वर्षं नोकरी केली, ती अशी. त्या काळी घरोघरी टीव्ही नव्हते. सरकार गावाला मिळून एक सेट द्यायचं, तो शाळेत किंवा पंचायतीत ठेवायचा आणि बंद पडला की मी जायचो. त्याच्या आधी हेच काम सामूहिक रेडिओचं होतं. माझे वडील रोजंदारीवर जाणारे. छप्पन्न साली दीक्षा घेऊन परत आले आणि आईला म्हणाले की पोरगं आता शाळेतच जाईल. मी आयटीआयला रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला आणि सरकारी नोकरीला लागलो, तेव्हा आमच्या वस्तीत तीन दिवस लोक मला बघायला येत होते.

टीव्हीचं मागचं झाकण काढलं की भोवती माणसं गोळा व्हायची. आत काहीतरी फार मोठं असणार, असं त्यांना वाटायचं. खरं सांगायचं तर निम्मे बिघाड कमीजास्त व्होल्टेजचे असत, पाव हिस्सा आत जाऊन मेलेल्या पालींचे आणि उरलेले वर सांगितलेल्या सरपंचांसारखे. चाळीस फुटी खांबावर अँटेना लावावी लागे. वारा सुटला की ती फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एकानं खांबाला धरून फिरवायचं आणि दुसऱ्यानं आतून ओरडायचं, "आलं, आलं, गेलं!"

एक नियम मात्र मी स्वतःचा केला होता. सेट अशा जागी बसवायचा, जिथं गावातल्या कुणालाही येऊन बसता येईल. देवळाच्या ओसरीवर बसवा म्हणणारे पुष्कळ भेटत. त्यांच्याशी मी तत्त्वावर वाद घालत नसे. "तिथं अर्थिंग मिळत नाही," एवढंच म्हणायचो. अर्थिंगवर माझ्याशी कधी कुणी भांडलं नाही.

खात्याला व्हीसीआर मिळाला, त्या सुमाराला पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं म्हणत की तेव्हा माणसाला खायला नव्हतं, आता जनावराला नाही. मला हुकूम आला की गावोगाव जाऊन शेतीच्या फिल्मा दाखवा. माझ्याकडं कॅसेट होती ती केळीच्या बागेची. माकणीच्या अलीकडं खडकवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या दूध सोसायटीत मी ती लावली. दुपारची वेळ होती. सकाळचं दूध जाऊन संध्याकाळचं यायला अवकाश होता. खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. पडद्यावर हिरवीगार बाग, पाटातून पाणी खळखळ वाहतंय. पाच मिनिटांनी मागून एक बाई म्हणाली, "मेकॅनिकभाई, हे बंद करा. ते पाणी बघवंना."

ती जैनबबी. तिशीच्या पुढची, अंगानं काटक. तिचा नवरा लतीफ भिवंडीला मागावर कामाला म्हणून गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं पत्रं आली, मग तीही थांबली. दोन मुली आणि दोन म्हशी घेऊन ती राहत होती. सोसायटीत सगळ्यात घट्ट दूध तिचं, असं दूध मापणाराच सांगायचा.

तिच्या म्हणण्याला मान देऊन मी केळीची बाग बंद केली. पण माणसं जमली होती आणि व्हीसीआर इतक्या लांब आणला होता. पेटीत आणखी एकच कॅसेट होती. तिची हकीकत अशी.

आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यावर थंडीत व्हिएतनामची पाहुणे मंडळी आली होती. आपल्याकडं शेतकऱ्यांनी मिळून कारखाना काढला, तो कसा चालतो हे बघायला. लहानखुरी, हसरी माणसं. उसाच्या बैलगाडीत बसून त्यांनी फोटो काढून घेतले. जाताना चेअरमनसाहेबांना एक कॅसेट भेट दिली. त्यांच्या टीव्हीवर दाखवलेलं नाटक होतं, तीन भागांचं, एका खेड्यातल्या सहकारी सोसायटीवरचं. चेअरमनसाहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं, कारण त्यांच्या रंगीत टीव्हीवर ते काळंपांढरं दिसत होतं. मी त्यांना सांगितलं की बिघाड कशातच नाही. त्यांच्याकडं रंग भरायची पद्धत वेगळी आहे, ती आपल्या सेटला उकलत नाही. साहेबांचा उत्साह तिथंच संपला. "तूच ठेव," म्हणाले.

पाहुण्यांबरोबर दिल्लीचे एक अधिकारी होते. त्यांनी मला त्या नाटकाची गोष्ट इंग्रजीत दोन मिनिटांत सांगितली होती. माझं इंग्रजी कंडेन्सर आणि रेझिस्टरच्या पलीकडं फारसं जात नव्हतं. बाई, पंप, सोसायटी, सभा आणि शेवटी पाणी, एवढे शब्द माझ्या हाती लागले. त्या बाईचं नाव लान, हेही लागलं.

तर मी ती कॅसेट लावली आणि टीव्हीच्या शेजारी उभं राहून गोष्ट सांगायला लागलो.

पडद्यावर पहिल्यांदा म्हैस आली आणि सगळी खोली एकदम पुढं सरकली. शिंगं थोडी निराळी, पण म्हैसच. मग कावड खांद्यावर घेतलेल्या बायका. डोक्यावर शेंड्याच्या टोप्या, पालथ्या टोपल्यांसारख्या. "ह्यांच्यात बी कावड हाय," कुणीतरी म्हणालं. मग लान आली. पंपाच्या खोलीत इंजिन दुरुस्त करत होती. मी मेकॅनिक माणूस, माझी नजर तिच्या हाताकडं गेली. ज्याला काम येत नाही तो पाना मध्यात धरतो. हिनं तो टोकाला धरला होता आणि जोर मनगटाचा न लावता खांद्याचा लावत होती. मी मनात म्हटलं, ही नटी नसणार, खरोखरची ऑपरेटर आणून उभी केली असणार.

नवरा लढाईवर गेला आणि परत आला नाही, असं मी सांगितलं. कारण भिंतीवर एका सैनिकाचा फोटो दिसत होता. चष्मा लावलेला एक माणूस सारखा वहीत बघून बोलायचा, तो सोसायटीचा सचिव असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या भागात मोठी सभा होती. लान उठते, बराच वेळ बोलते, चष्मेवाला काहीतरी विचारतो आणि मग एकेक करत सगळे हात वर करतात. ती काय बोलली, देव जाणे. जैनबबी समोर बसली होती, तिच्याकडं बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "लान म्हणते, पंप मी चालवते, मग सभासदाच्या यादीत नाव माझ्या नवऱ्याचं का? माझं नाव घाला. आणि सभेनं हात वर करून ते मंजूर केलं."

तिसऱ्या भागाच्या शेवटी लान हँडल मारून इंजिन सुरू करते आणि पाटातून पाणी धावतं. खोलीतल्या बायका लहान मुलींसारख्या टाळ्या वाजवत होत्या. केळीच्या बागेचं पाणी ज्यांना बघवलं नव्हतं, त्याच ह्या बायका.

पुढच्या महिन्यात मला तीनदा खडकवाडीला बोलावणं आलं. टीव्ही ठीक होता. त्यांना 'लानबाई' पुन्हा बघायची होती. दर वेळी बायका जास्त आणि दर वेळी त्या मलाच अडवायच्या, "हितं तुमी मागच्या टायमाला येगळं सांगितलं व्हतं."

मग चाऱ्याचा प्रश्न आला. सोसायटीला कडबा मंजूर झाला, पण तो फक्त सभासदांना. जैनबबीच्या घरचं सभासदत्व लतीफच्या नावावर होतं. सोसायटीचे सचिव नाना. माणूस वाईट नव्हता, पण कागदाबाहेर पाऊल टाकायला भ्यायचा. "सही सभासदाची लागती," म्हणाले. "लतीफला घेऊन ये, न्हायतर त्याचं पत्र आण."

"सहा वर्षं झाली, नाना. त्यो जित्ता हाय का न्हाय ते बी म्हाईत न्हाय."

"त्याला म्या काय करू?"

बाजारात म्हशी कवडीमोलानं चालल्या होत्या. व्यापारी रोज तिच्या दारावरून चक्कर मारून जात होता. तिच्या थोरल्या म्हशीच्या बरगड्या आता लांबून मोजता येत होत्या. अशीच गत आणखी पाच बायकांची होती. कुणाचा नवरा मुंबईला, कुणाचा दारूत. आमच्या समाजातली सोजरबाई विधवा होती आणि सभासदत्व मेलेल्या सासऱ्याच्या नावावर होतं. म्हशी ह्या पाळायच्या, दूध ह्या घालायच्या आणि यादीत नाव मात्र जागेवर नसलेल्या पुरुषांचं.

सोसायटीची सभा लागली त्या दिवशी मी अँटेनाचा खांब नीट करायला तिथंच होतो. सहाही बायका येऊन दारात उभ्या राहिल्या. जैनबबी आत आली. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि उभ्यानंच बोलली.

"आमची नावं यादीत घाला. त्या लानबाईचं घातलं तसं."

पुरुष हसायला लागले. नाना म्हणाले, "ते टीव्हीतलं नाटक हाय, बाई."

"नाटक असंना. पर तिकडं चालतं तर हितं का चालंना?"

नाना माझ्याकडं वळले. "मेकॅनिक, तुमी सरकारी माणूस. खरं सांगा. त्यात तसं दावलंय का? बाईचं नाव सभेनं घातलं?"

खांबावरून उतरून मी दारात आलो होतो, हातात पक्कड तशीच. सगळी सभा माझ्याकडं बघत होती. मला माहीत नाही, एवढं म्हणायला दोन शब्द पुरले असते. जैनबबी मात्र माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती, इतकी तिला माझी खात्री होती.

"व्हय," मी म्हणालो. "तसंच दावलंय."

सोसायटीचे चेअरमन होते रामलिंग आप्पा. सत्तरीचे, पांढरा पटका, बोलणं कमी. ते म्हणाले, "तिकडचं राहू द्या. नाना, आपल्या नियमाच्या पुस्तकात सभासद कुणाला करावं म्हणून लिवलंय, ते वाचा."

नानांनी पुस्तक काढलं, चष्मा लावला. "गावात राहणारी, दुभतं जनावर असलेली सज्ञान व्यक्ती..."

"व्यक्ती म्हंजे?"

"म्हंजे... माणूस."

"बाई माणूस हाय का न्हाय?"

नाना पुस्तकात बघत राहिले, जणू उत्तर पुढच्या पानावर असेल. आप्पांनी स्वतःचा हात वर केला. मग मागच्या रांगेतून दोन हात, मग पाच, मग मला मोजता येईनात. त्याच आठवड्यात सहा बायकांना कडबा मिळाला. जैनबबीनं पहिली पेंढी म्हशीपुढं टाकली तेव्हा तिथं अर्धं गाव उभं होतं.

मला आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. पण घरी येताना गाडीवर मन सारखं खाली बसत होतं. ते नाटक मी इतक्यांदा बघितलं होतं की सभेच्या प्रसंगात त्या चष्मेवाल्याचा चेहरा प्रश्न सुटल्यासारखा दिसत नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं. लानचाही नाही. मी ते बाजूला सारलं.

पुढच्या थंडीत कारखान्यावर पुन्हा व्हिएतनामचे पाहुणे आले. चेअरमनसाहेबांचा निरोप आला की टीव्ही, व्हीसीआर आणि ती कॅसेट घेऊन ये, ह्या वेळी पाहुण्यांत नटी आहे. लानचं काम केलेली. तिचं नाव थाओ.

हे खडकवाडीला कसं कळलं, मला आजतागायत कळलेलं नाही. दुपारी मी कारखान्याच्या हिरवळीवर वायर जोडत होतो, तर सोसायटीचा ट्रॅक्टर दारात येऊन थांबला. ट्रॉलीत पंधरा-वीस बायका. पुढं आप्पा, शेजारी नाना. वायर तशीच सोडून मी उठलो.

थाओबाई आल्या तेव्हा बायकांनी त्यांना ओळखलंच नाही. केस कापलेले, अंगावर साधा कोट, पडद्यावर होत्या त्याहून वयानं मोठ्या. बायका त्यांच्या पाठीमागं बघत राहिल्या, लान कधी येतेय म्हणून. मग कुणीतरी पुढं केलेला उसाचा रस पिताना त्यांनी कानामागं बट सारली आणि सोजरबाई ओरडली, "आगं, हीच की ती!"

बरोबर मिन नावाचा तरुण दुभाषा होता. तो दिल्लीत राहून हिंदी शिकला होता, पुस्तकातल्यासारखी शुद्ध बोलायचा. माझी गरज संपली ती तिथं. जैनबबी सरळ त्याच्याशीच आपल्या घरच्या बोलीत बोलायला लागली. "उनको बोलो, तुम मीटिंग में खड़े रहके नाव मांगे ना, वैसाच हम बी मांगे. हमको बी मिल्या."

मिननं ते थाओबाईंना सांगितलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मिन घोटाळलेल्या आवाजात म्हणाला की काहीतरी गैरसमज झाला आहे. आणि मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. पंप सोसायटीचा होता. लाननं त्याचं पाणी पाळी नसताना आपल्या भावाच्या शेतात सोडलं होतं. त्या सभेत ती उभी राहते ती चूक कबूल करायला. चष्मेवाला मास्तर होता, तो तिची बाजू घेत होता. आणि सभेनं हात वर केले, ते तिला पंपावरून काढण्यासाठी. पुढं इंजिन दुसऱ्या कुणाला सुरू करता येईना, म्हणून शेवटी तिला परत बोलावलं.

बायका मिनकडं बघायच्या थांबल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या.

जैनबबी माझ्याकडं वळली. "मेकॅनिकभाई, म्हंजे तुमी आमाला खोटं सांगितलं?"

"व्हय, जैनबबी. मला ती भाषा येत न्हाय. मला जे वाटलं ते सांगितलं."

"सभेत नानांनी इचारलं, तवा बी?"

"तवा बी."

तिनं तोंड फिरवलं. नोकरीत मला साहेबांनी झापलं, जात काढून बोलणारे भेटले, एकदा विजेचा झटका लागून तीन दिवस दवाखान्यात पडलो. पण ते तोंड फिरवणं मला जेवढं लागलं, तेवढं दुसरं काही लागलं नाही.

नाना खाकरले. "म्हंजे आप्पा, आपला ठराव खोट्यावर झाला म्हणायचा."

"ठराव पुस्तकावर झाला," आप्पा म्हणाले. "आन् हात तुमी आमी वर केले. माझा तर अजून दुखतोय."

एवढ्यात थाओबाईंनी मिनला विचारलं की काय चाललंय. त्यानं बायकांना विचारत विचारत सगळं सांगितलं, म्हशी, कडबा, सभा, मी. त्या माझ्याकडं बघून हसतील असं मला वाटलं. हसल्या नाहीत. जैनबबीसमोर गवतावर बसल्या आणि बोलायला लागल्या. मिन वाक्यावाक्याला थांबवून हिंदीत सांगत होता आणि जैनबबी ते मागच्या बायकांसाठी मराठीत करत होती.

त्या म्हणाल्या की आमच्याकडं टीव्हीवरचे नट म्हणजे श्रीमंत लोक नव्हेत. मी सायकलवरून स्टुडिओत जाते. वीज गेली की शूटिंग थांबतं आणि आम्ही सगळे अंगणात बसून राहतो. आमच्या गल्लीतही टीव्ही एकच आहे, नाटक लागलं की सगळी गल्ली त्या घरात. ह्या नाटकानंतर बाजारात भाजीवाल्या बायका मला म्हणायच्या, पाणीचोर आली बघा.

बायकांत पहिल्यांदा हसू आलं.

मग त्या म्हणाल्या, "त्या सभेच्या प्रसंगात दिग्दर्शकांनी मला सांगितलं होतं की मान खाली घाल आणि रड. मी आधी महिनाभर एका खेड्यात जाऊन राहिले होते, पंप चालवणाऱ्या एका बाईजवळ काम शिकायला. मला वाटलं, ती बाई चुकली तर चूक सांगेल, पण मान खाली घालणार नाही. सात वेळा तो प्रसंग केला. सातही वेळा मी मान वरच ठेवली. ते माझ्यावर फार रागावले. वेळ संपली म्हणून शेवटी तसंच दाखवलं. बघणाऱ्यांपैकी कुणाच्या हे ध्यानात आलं, असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

जैनबबीनं हे शब्दन् शब्द मराठीत केलं. सोजरबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग जैनबबी म्हणाली, "म्या मेकॅनिकभाईचं ऐकतच नव्हते. म्या तिची मान बघत व्हते."

मी थाओबाईंना मिनमार्फत विचारलं, पाना टोकाला धरायला त्याच बाईनं शिकवलं का? त्यांनी डोळे मोठे केले आणि माझी पेटी उघडून पाना काढला, हवेत एक आटा पिळून दाखवला. अगदी बरोबर. मी त्यांना जन्मभर ऑपरेटर म्हणून कामाला ठेवलं असतं.

नाटक मग लावलं. थाओबाई सेटच्या शेजारी बसून, पडद्यावरची आपलीच वाक्यं हळू बोलत होत्या, मिन हिंदीत सांगत होता, जैनबबी मराठीत. मी पहिल्यांदाच गप्प बसून बघत होतो. माझ्या गोष्टीपेक्षा ती चांगली होती, हे कबूल करायला मला वेळ लागला. चुकलेल्या बाईला गाव परत बोलावतं, ह्यात माझ्या गोष्टीपेक्षा जास्त माणुसकी होती.

निघताना जैनबबी ट्रॉलीजवळ थांबली. "मेकॅनिकभाई, तुमच्यामुळं म्हशी वाचल्या, ते म्या इसरणार न्हाय. पर इथून पुढं म्हाईत नसलं तर म्हाईत न्हाय म्हणा. आमी काय ते समजून घिऊ."

मी ते पाळलं. पुढं कितीतरी गावांत कितीतरी भाषांतल्या फिल्मा दाखवल्या. कुणी विचारलं की ही काय म्हणतेय, तर मी म्हणायचो, मला माहीत नाही, तुम्हाला काय वाटतं? त्यातून जी बोलणी निघायची, ती लिहून ठेवायला हवी होती. ते राहून गेलं.

त्यानंतर पावसाचं एक बरं वर्ष आलं. सोसायटीची निवडणूक झाली आणि बायकांसाठी ठेवलेल्या जागेवर जैनबबी संचालक झाली. वर्षाच्या सभेला मी नवीन सेट बसवायला गेलो होतो. नवे अर्ज मंजुरीला आले होते. सचिव नानाच. त्यांनी एकेक अर्ज वाचला आणि शेवटचा अर्ज हातात धरून नुसतेच उभे राहिले.

"वाचा की," आप्पा म्हणाले.

नानांनी घसा साफ केला आणि वाचलं. अर्जदाराच्या जागी त्यांच्या बायकोचं नाव होतं. सभेत खसखस पिकली. त्या दारातच उभ्या होत्या, नऊवारी नेसलेल्या, ठसठशीत कुंकू, आयुष्यात पहिल्यांदा सोसायटीची पायरी चढलेल्या.

जैनबबी संचालकांच्या बाकावरून म्हणाली, "काकू, एक इचारते. तुमी सोताच्या मर्जीनं आलात नव्हं? का नानांनी आणलं?"

काकूंनी नानांकडं बघितलं, मग भरल्या सभेकडं.

"ह्ये कशाचं आणत्यात," त्या म्हणाल्या. "ह्यांन्लाच म्या घिऊन आले."